तार, झाड आणि जमाखर्च



आपल्यापैकी ज्यांनी दाताच्या मुळावर उपचार करून घेतले असतील, ज्याला आपण सर्वजण ‘रूट कॅनाल’ म्हणतो, त्यांच्या दातात बहुधा एका परदेशी झाडाचा चीक बसलेला आहे. डॉक्टर दाताच्या मुळाची पोकळी साफ करतात आणि तीत एक बारीक, गुलाबीसर काडी भरतात. त्या काडीतील मूळ पदार्थाचे नाव गटापर्चा. मलाया, सुमात्रा आणि बोर्निओ येथील अरण्यांत वाढणाऱ्या एका उंच झाडाचा तो चीक आहे. आज या पदार्थाचा एवढाच काय तो मोठा उपयोग उरला आहे. परंतु एके काळी साऱ्या जगाचा व्यापार, राजकारण आणि वृत्तपत्रे या चिकावर अवलंबून होती, आणि आपली मुंबईही त्याला अपवाद नव्हती.

आजचा माझा विषय कारखान्याच्या हिशेबाचा आहे. कारखानदार जो माल तयार करतो त्यापायी हवेत किती कार्बन जातो, किती जीवसृष्टी नष्ट होते, आणि हे नुकसान त्याच्या स्वतःच्या कुंपणात किती व त्याला कच्चा माल पुरवणाऱ्यांच्या दारी किती, हे मोजण्याची विद्या गेल्या पन्नास-साठ वर्षांत उभी राहिली. पुष्कळांना हे एक नवे फॅड वाटते. मला असे दाखवावयाचे आहे की, या विद्येची गरज दीडशे वर्षांपूर्वीच स्पष्ट दिसली होती. ती ज्यांना दिसली त्यांनी लिहूनही ठेवले होते. आणि त्यावेळी जी चूक झाली तीच चूक, अधिक सुबक कागदांवर, पुन्हा करण्याचा धोका आजही आहे. म्हणून आरंभ गटापर्चापासून करतो.

सिंगापूरच्या बाजारात मलायी माणसांच्या कोयत्यांच्या मुठी आणि चाबूक एका विचित्र पदार्थाचे केलेले असत. हा पदार्थ गरम पाण्यात घातला की मऊ होई, हवा तो आकार घेई आणि थंड झाला की पुन्हा कडक बने. विल्यम माँटगोमेरी नावाच्या स्कॉटिश सर्जनाचे लक्ष तिकडे गेले आणि १८४३ च्या सुमारास त्याचे नमुने लंडनला पोहोचले. आरंभी त्याचे बुटांचे तळवे, नळ्या, गोल्फचे चेंडू असे नाना प्रकार झाले. पण खरा शोध पुढेच होता. १८४८ साली मायकेल फॅरेडेने लिहिले की, हा पदार्थ विजेला उत्तम अटकाव करतो. जर्मनीत वेर्नर सीमेन्स त्याच सुमारास तारांवर त्याचे वेष्टन चढवीत होता. रबर समुद्राच्या पाण्यात कुजे. गटापर्चा मात्र थंडीत आणि खोल पाण्याच्या दाबाखाली उलट अधिक टिके. तारायंत्राला समुद्र ओलांडण्यासाठी नेमके हेच हवे होते.

पुढचा इतिहास आपणांस ठाऊक आहे. १८५१ साली इंग्लिश खाडीतून तार गेली. १८५८ ची अटलांटिक तार काही आठवड्यांतच मुकी झाली, पण १८६६ साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने ती कायमची टाकली. हेच जहाज १८७० च्या आरंभी मुंबईच्या बंदरात येऊन उभे राहिले आणि येथून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकीत गेले. त्या वर्षाच्या मध्यापर्यंत मुंबई आणि लंडन समुद्री तारांनी जोडली गेली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव जो पूर्वी पत्राने कित्येक आठवड्यांनी कळे, किंवा तुर्कस्तान-इराणातून येणाऱ्या तारेने मोडका-तोडका कळे, तो आता काही तासांत मुंबईत येऊ लागला. व्यापाऱ्यांनी, सरकारने आणि वर्तमानपत्रांनी या चमत्काराचे स्वागत केले, आणि ते योग्यच होते.

ही तार बनविणारी टेलिग्राफ कन्स्ट्रक्शन अँड मेंटेनन्स ही कंपनी १८६४ साली स्थापन झाली होती. गटापर्चाची कंपनी आणि तारा वळणारी कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन ती बनली. तिच्या वह्यांत तांबे, लोखंड, ताग, मजुरी, कोळसा आणि गटापर्चा यांचा पैन्‌पैचा हिशेब असणार. पण गटापर्चाचा हिशेब सिंगापूरच्या वखारीशी सुरू होई. वखारीच्या पलीकडे काय होते, हे वहीत नव्हते. आपण तिकडे जाऊन पाहू.

या झाडाचे वैगुण्य असे की, रबराच्या झाडाप्रमाणे साल चिरली की चीक भराभर वाहत नाही; तो सालीतच थिजतो. म्हणून रानात हिंडणारे मलायी, दायाक आणि इतर वन्य लोक झाड सरळ तोडून आडवे पाडीत, बुंध्यावर हात-दीड हाताच्या अंतराने खाचा पाडीत आणि त्यांत जमेल तेवढा चीक गोळा करीत. झाड उंच, वाढीला संथ, अनेक दशकांनी जून होणारे. आणि त्यातून हाती येई सरासरी पाव किलोहून थोडा अधिक चीक. म्हणजे एक टन गटापर्चासाठी तीन ते चार हजार झाडे आडवी पडत. समुद्राखालच्या लांब तारेला असे शेकडो टन लागत. लाकूड बहुतेक तसेच रानात कुजत पडे. चीक नदीकाठच्या दलालाकडे, दलालाकडून सिंगापूरच्या चिनी व्यापाऱ्याकडे आणि तेथून लंडनला जाई. वाटेत त्यात साली, माती, दगडही मिसळले जात. झाड पाडणाऱ्याला त्याचे काय मिळे याची कल्पना करणे कठीण नाही.

परिणाम लवकरच दिसला. ज्या सिंगापूर बेटावर या झाडाचा प्रथम बोलबाला झाला, तेथून ते पंधरा-वीस वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले. तोडणारे मलायात आत शिरले, तेथून सुमात्रा-बोर्निओकडे गेले. १८७८ साली जेम्स कॉलिन्स या वनस्पतिज्ञाने गटापर्चाच्या व्यापारावर एक स्वतंत्र अहवाल लिहिला आणि झाडांच्या नासाडीकडे लक्ष वेधले. १८९७ साली सीमेन्स कंपनीचा रसायनज्ञ युजीन ओबाख याने लंडनच्या कलासंस्थेत याच विषयावर व्याख्यानमाला गुंफली. आपल्यासारखेच नागरिक समोर बसले होते आणि व्याख्याता त्यांना सांगत होता की, ज्या तारांवर साम्राज्य उभे आहे त्यांचा कच्चा माल कोठून व कसा येतो. तेव्हा ‘कोणाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही.

मग हे थांबले का नाही? कंपनीच्या माणसांना दुष्ट ठरविणे सोपे आहे, पण इतिहासाच्या अभ्यासकाने सोप्या उत्तरावर थांबू नये. कारण असे की, किंमत हे एकच माप त्यांच्यापाशी होते आणि किंमत ही फार उशिरा बोलते. एक रान संपले की दलाल दुसऱ्या रानात जाई. लंडनला माल येतच राही. भाव चढला तो पुष्कळ रानांचा निकाल लागल्यावर. शेवटच्या झाडापर्यंत पुरवठा ठीक चालला आहे असेच वही सांगत राहते. सावकाराच्या वहीत व्याज दिसते, कुळाच्या घरातली रिकामी कणगी दिसत नाही. तसाच हा प्रकार.

उपाय झाले, नाही असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाड न पाडता पानांतून चीक काढण्याची रीत निघाली. डचांनी जावा बेटावर चिपेतिर येथे सरकारी मळा लावला. तेथील गटापर्चाच्या लाद्यांवर गावाचे नाव उमटवलेले असे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, असा माल घेऊन जाणारे ‘मियाझाकी मारू’ हे जपानी जहाज बुडाले असे मानतात, आणि त्या नावाच्या लाद्या शंभर वर्षांनंतरही युरोपच्या किनाऱ्यांवर वाहून आल्या. इतका हा पदार्थ चिवट! पण झाडाची खरी सुटका मळ्याने झाली नाही. १९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिएथिलीनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्री तारांवर त्याचेच वेष्टन चढू लागले. १९५६ साली अटलांटिकखाली टाकलेली पहिली टेलिफोनची केबल त्याचीच होती. गटापर्चाची मागणी ओसरली.

आता पाहा. पॉलिएथिलीन आज मुख्यतः खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांपासून बनते. म्हणजे अरण्याच्या खात्यावरील बोजा उतरला आणि हवेच्या व समुद्राच्या खात्यावर चढला. झाड वाचले हे खरे. पण नुकसान नाहीसे झाले नाही, त्याचा रकाना बदलला. माझ्या आजच्या कथनाचा हा पहिला धडा आहे. ज्या हिशेबात एकच रकाना असतो, तो हिशेब नुकसान भरून काढीत नाही. शेजारच्या न मांडलेल्या रकान्यात ढकलतो.

हा धडा हिशेबाच्या भाषेत प्रथम मांडला गेला तो एका बाटलीच्या निमित्ताने. १९६९ साली अमेरिकेतील कोका-कोला कंपनीपुढे प्रश्न होता की, पेय काचेच्या बाटलीत भरावे, डब्यात भरावे की प्लॅस्टिकच्या बाटलीत. कंपनीने मिडवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेकडे काम सोपविले. प्रश्न केवळ बाटलीच्या किमतीचा नव्हता. वाळू खणण्यापासून, तेल उपसण्यापासून ते रिकामी बाटली फेकून देईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती ऊर्जा, किती पाणी, किती कच्चा माल लागतो आणि किती घाण बाहेर पडते, हे मांडावयाचे होते. तो अहवाल समग्र कधी प्रसिद्ध झाला नाही. पण त्याच संस्थेने अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्यासाठी १९७४ साली पेयांच्या बाटल्या-डब्यांचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे या रीतीला ‘जीवनचक्र मूल्यमापन’ असे नाव पडले आणि १९९७ साली तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणही ठरले. वस्तूचा हिशेब तिच्या जन्मापासून मरणापर्यंत, ही कल्पना येथे रूढ झाली.

त्यानंतर कार्बनचा रकाना आला. कोळसा जाळल्याने हवा तापेल हे गणित स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८९६ साली मांडले होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंगने हवाई बेटांवरील मौना लोआच्या डोंगरावर कर्बवायूची अखंड मोजणी सुरू केली तेव्हा त्याचे प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. २००१ साली ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ या नावाने कंपन्यांसाठी हिशेबाची पद्धत प्रसिद्ध झाली. तिने उत्सर्जनाची तीन वर्तुळे आखली. पहिले, स्वतःच्या धुराड्यातले आणि गाड्यांतले. दुसरे, विकत घेतलेल्या विजेमागचे. तिसरे, बाकी सारे: कच्चा माल पुरवणारे, वाहतूक करणारे, आणि माल विकत घेऊन वापरणारे. या तिसऱ्या वर्तुळासाठी तपशीलवार नियम यावयास २०११ साल उजाडले. पुष्कळ कारखान्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे वर्तुळ तेच असते, आणि ते मोजणे सर्वांत कठीण असते.

त्याच २०११ साली एक प्रसिद्ध हिशेब जगापुढे आला. जर्मनीतील हर्त्सोगेनाउराख या लहान गावी रुडॉल्फ डासलर याने १९४८ साली काढलेली बुटांची कंपनी, प्यूमा, हिने आपल्या २०१० च्या व्यवहाराचा ‘पर्यावरणीय नफा-तोटा’ प्रसिद्ध केला. योखेन त्साइट्स हा तिचा प्रमुख होता. निसर्गाने आपल्या कामाचे बिल पाठविले असते तर ते किती झाले असते, असा प्रश्न त्याने विचारला. उत्तर आले १४ कोटी ५० लाख युरो. त्या वर्षी कंपनीचा निव्वळ नफा होता सुमारे २० कोटी युरो. या दोन आकड्यांची तुलनाच पुष्कळ बोलकी आहे.

पण त्याहून बोलकी आहे त्या रकमेची फोड. कंपनीची स्वतःची कचेरी, दुकाने, गोदामे यांच्या वाट्याला आले फक्त ८० लाख, म्हणजे शेकडा सहा. बूट शिवणारे कारखाने १ कोटी ३० लाख. तळवे वगैरे भाग करणारे १ कोटी ४० लाख. चामडे कमावणारे, कापड विणणारे २ कोटी ७० लाख. आणि साखळीच्या अगदी टोकाला, जेथे गुरे चरतात, कापूस पिकतो, रबराचा चीक निघतो, तेथे ८ कोटी ३० लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक. सिंगापूरच्या वखारीपलीकडचे जे रान टेलिग्राफ कंपनीच्या वहीत नव्हते, ते येथे प्रथमच वहीत आले, आणि सर्वांत मोठे ठरले.

आता आपण प्रामाणिकपणे विचारले पाहिजे की, हे आकडे आले कोठून? कंपनीचा माणूस काही प्रत्येक कुरणात जाऊन गुरे मोजून आला नाही. साखळीच्या वरच्या टप्प्यांवर प्रत्यक्ष माहिती घेतली गेली. खालच्या टोकाचे पुष्कळसे आकडे अर्थशास्त्रज्ञांच्या कोष्टकांवरून अंदाजाने काढले. ही कोष्टके म्हणजे एका उद्योगाने अमुक रुपयांचा माल घेतला तर दुसऱ्या उद्योगात सरासरीने काय काय घडते, याचे गणित. वासिली लिओन्तिएफ याने १९३० नंतर ते रचले आणि त्यास १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गणित मोलाचे आहे. पण ते सरासरीचे आहे. आणि येथेच कार्बन आणि जीवसृष्टी यांच्या वाटा वेगळ्या होतात.

कार्बनला सरासरी चालते. चिपळूणच्या भट्टीतून निघालेला एक टन कर्बवायू आणि ब्राझीलच्या भट्टीतून निघालेला एक टन कर्बवायू यांत वातावरण भेद करीत नाही. म्हणून प्यूमाच्या हिशेबात टनाला ६६ युरो असा सर्व जगासाठी एकच दर धरता आला. मिथेनसारख्या दुसऱ्या वायूंचेही शंभर वर्षांच्या मापाने कर्बवायूत रूपांतर करता येते. नाण्यांप्रमाणे त्यांची मोड होते, बेरीज होते, वजाबाकी होते.

जीवसृष्टीची अशी मोड होत नाही. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराचे उदाहरण घ्या. वर्षातील बहुतेक दिवस ते जांभ्या दगडाचे उघडे माळरान असते. कार्बनच्या वहीतून पाहिले तर तेथे जवळजवळ काही नाही. चार बोटे माती आणि गवत. कोणी कारखानदार म्हणेल, ‘माझ्या धुराच्या भरपाईसाठी येथे झाडे लावतो,’ तर कार्बनचा कारकून त्याला जमा दाखवील. पण पावसाळ्याच्या अखेरीस जी चिमुकली फुले तेथे उमलतात, त्यांतील कित्येक जाती सह्याद्रीच्या अशा सड्यांखेरीज जगात कोठेही नाहीत. त्यांना उघडे ऊन, साचणारे पाणी आणि पातळ मातीच हवी. झाडांची सावली पडली की त्या गेल्या. एका रकान्यात जमा, दुसऱ्यात कायमचे बुडीत खाते. आणि कासचा एक हेक्टर गमावून दुसरीकडे सागाचा एक हेक्टर लावला तर ती फिट्टंफाट नव्हे.

म्हणून या दुसऱ्या रकान्यासाठी पहिला प्रश्न ‘किती?’ असा नसून ‘कोठे?’ असा असतो. आणि ‘कोठे’ हे कळले की तेथे जावे लागते. येथे आपल्याकडचेच एक उदाहरण सांगतो. कर्नाटकात, उत्तर कन्नडच्या जंगलांत, दांडेलीच्या कागद गिरणीला बांबू पुरविला जात असे, तोही नाममात्र दराने. त्याच बांबूसाठी बुरुडांना मात्र बाजारभाव मोजावा लागे. रानातला बांबू झपाट्याने कमी होत चालला. १९७० नंतरच्या दशकात पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या प्रश्नाचा अभ्यास केला. कागदोपत्री बांबूचा साठा मुबलक मानला होता. प्रत्यक्षात तो अंदाज फार फुगवलेला निघाला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. ते साफ केले की बेट मोकळे होते, तोडणी सुलभ होते आणि वाढही चांगली होते, अशी वनखात्याची समजूत होती. गावकरी म्हणत होते की, हे काटे काढले म्हणूनच कोवळे कोंब गुरे आणि रानातली जनावरे खाऊन टाकतात. गाडगीळांनी प्रयोग करून पाहिले आणि गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले.

या गोष्टीचा अर्थ नीट लक्षात घ्या. एका कारखान्याच्या कच्च्या मालाचा हिशेब चुकत होता. चूक गणितात नव्हती. ज्याला ठाऊक होते त्याला कोणी विचारले नव्हते. मलायातल्या झाड पाडणाऱ्यालाही, रान किती उरले आहे, हे लंडनच्या संचालकांपेक्षा आधी ठाऊक असणारच.

अलीकडच्या काळात कायद्यांनीही ही वाट धरली आहे. २०२१ साली आपल्या ‘सेबी’ने मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांसाठी जबाबदारीच्या अहवालाचा नवा नमुना आणला आणि २०२२-२३ पासून तो सक्तीचा केला. पुरवठादारांकडूनही आकडे घेण्याचे पाऊल २०२३ साली टाकले गेले. पुढे ती अट सैल करण्यात आली. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियल येथे राष्ट्रांनी जो जैवविविधतेचा करार केला, त्यात मोठ्या कंपन्यांनी आपल्या साऱ्या पुरवठ्याच्या साखळीत जीवसृष्टीवर होणारे परिणाम तपासून जाहीर करावेत, असे उद्दिष्ट आहे. २०२३ साली याच कामासाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पद्धत प्रसिद्ध झाली, तिची पहिली पायरीच ‘ठिकाण शोधा’ ही आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला असा की, एका कारखान्याचे पुरवठादार हजारो असतात. प्रत्येक शेतात आणि रानात कोण जाणार? याचे उत्तर असे की, सर्वत्र जाण्याची गरज नाही. प्यूमाच्या हिशेबाने हेच मोठे काम केले. सरासरीच्या कोष्टकाने कोणत्या दारी जावयाचे ते दाखविले. कचेरीतले दिवे विझवून भागणार नाही, चराऊ कुरणाकडे पाहिले पाहिजे, हे कळले. कोष्टक वाटाड्याचे काम करते. वाटाड्याने डोंगर दाखविला म्हणजे आपण डोंगर चढलो असे होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. या हिशेबाचा भार कोणावर पडतो? युरोपीय संघाने २०२३ पासून बाहेरून येणारे पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम अशा मालामागच्या कार्बनचा हिशेब मागण्यास आरंभ केला. उद्या कोल्हापूरच्या लहानशा फाउंड्रीच्या मालकाला विजेची बिले, कोकचे वजन, डिझेलच्या पावत्या यांचे तक्ते भरावे लागतात, आणि विदर्भातल्या कापूस उत्पादकाच्या बांधावर कोणी फॉर्म घेऊन उभा राहतो. माल तर पूर्वीच्याच भावाने द्यावयाचा, आणि वर हिशेबही फुकट द्यावयाचा! हे न्याय्य नाही. ज्याला वही हवी त्याने कारकुनाचा पगार द्यावा, हा व्यवहाराचा साधा नियम आहे. तो पाळला नाही तर फॉर्म भरले जातील, पण खोटे भरले जातील. आणि खोटी वही ही नसलेल्या वहीपेक्षा वाईट.

याचीही साक्ष आपल्याच देशात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी ‘लोक-जैवविविधता नोंदवही’ करावयाची तरतूद झाली. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना त्याआधीच पुरस्कारिली होती. गावात कोणती झाडे, कोणते मासे, कोणती बियाणी, कोणते पक्षी आहेत, काय कमी झाले, कशाने कमी झाले, हे गावातल्या जाणत्या स्त्री-पुरुषांना विचारून लिहावयाचे. पण पुष्कळ वर्षे काम रेंगाळले. मग हरित न्यायाधिकरणाने २०२० च्या जानेवारीअखेरची मुदत घातली, आणि घाईघाईने वह्या तयार झाल्या. जेथे माणसे शिवारात हिंडली तेथे वही जिवंत झाली. जेथे ती टेबलावर बसून भरली गेली तेथे ती कागद राहिली.

मला वाटते, कारखान्याच्या हिशेबाचा दुसरा रकाना याच वहीशी जोडला गेला पाहिजे. कंपनीचे कोष्टक वरून खाली येते, गावाची नोंद खालून वर जाते. दोन्ही जेथे भेटतात तेथेच खरा जमाखर्च लिहिला जाईल. कापूस विकत घेणाऱ्याने त्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन ती नोंदवही उघडून पाहावी, नसेल तर तिच्यासाठी खर्च करावा, आणि दरसाल तिच्यात काय खोडले गेले ते आपल्या अहवालात छापावे. हे काम कार्बनच्या एका आकड्याइतके सुटसुटीत होणार नाही. पण गटापर्चाचे झाड तोडण्याचे कामही काही सुटसुटीत नव्हते. सुटसुटीत होती ती फक्त लंडनमधली वही.

१८७० साली ज्या मुंबईकराने आपली पहिली तार लंडनला पाठविली, त्याने शब्दांमागे पैसे मोजले आणि पावती घेतली. त्या पावतीवर झाडांचा उल्लेख नव्हता, आणि त्याबद्दल आपण त्याला दोष देऊ शकत नाही. त्याला ते कोणी सांगितलेच नव्हते. आपल्याला मात्र सांगितले गेले आहे. तेव्हा उद्या दुकानात एखादा बूट, एखादा सदरा हाती घेतलात आणि त्यावर ‘इतका कार्बन वाचविला’ असा शिक्का दिसला, तर त्यावर अविश्वास दाखवू नका. पण दुकानदाराला दुसरा प्रश्न अवश्य विचारा: हा माल आला कोणत्या गावाहून, आणि तेथे आता काय उरले आहे? त्याला उत्तर ठाऊक नसेल. तो ते वरच्या व्यापाऱ्याला विचारील. असा प्रश्न पुष्कळांनी विचारला म्हणजे तो कारखान्याच्या दारी पोहोचतो, आणि तेथून पुढे रानापर्यंत जातो.